पंचगंगेवरून तीर्थनला: ट्राउटच्या फ्लाय फिशिंगची तयारी कोल्हापुरातच कशी करावी

विचारणारे कोल्हापूरचे आहेत. लहानपणापासून पंचगंगेवर आणि भोगावतीवर गळ टाकतात. येत्या मे महिन्यात घरच्यांसोबत हिमाचलला निघालेत आणि तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग करून जंगली ट्राउट पकडायचा त्यांचा बेत आहे. सामान कोणतं घ्यावं, फ्लाय (म्हणजे हुकावर बांधलेला नकली किडा) कोणती वापरावी, शिकायचं कुठे, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी विचारलंय की राधानगरीच्या धरणात ट्राउटची पिल्लं सोडली तर ती जगतील का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात बाकीची अर्धी उत्तरं दडलेली आहेत. नाही, जगणार नाहीत. आणि जगली असती तरी सोडू नयेत.

ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे. ब्राऊन ट्राउटला साधारण ८ ते १७ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २० अंशांच्या आसपास तो खाणं कमी करतो, आणि २५ च्या जवळ गेलं की जिवावर बेततं. यामागचं मोठं कारण प्राणवायू. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू विरघळू शकतो. २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८ च्या वर. पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. आता आपलं बघा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, दाजीपूरचं जंगल हजार मीटरच्या आसपास, आणि अख्ख्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. निलगिरीत इंग्रजांनी ट्राउट रुजवला तो दोन हजार मीटर आणि त्यावरच्या ओढ्यांत. तीर्थनचा मासेमारीचा पट्टा तेवढा उंच नाही, पण तिथं वरून बर्फाचं पाणी येतं. ट्राउटला एक तर उंची लागते, नाहीतर बर्फ. सह्याद्रीत दोन्ही नाही.

सोडू का नये, हे त्याहून महत्त्वाचं. ट्राउट भारतातला मूळचा मासाच नाही. काश्मीरला पहिली अंडी १८९९ मध्ये पाठवली ती वाटेत मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप तगली. तिथून १९०९ च्या सुमारास कुलू खोऱ्यात बियास नदीवर ट्राउट आला. हिमालयाच्या ओढ्यांत तेव्हा स्नो ट्राउट नावाचा देशी मासा होता. नावात ट्राउट असलं तरी तो आपल्या रोहू-महसीरच्या कुळातला. जिथं ब्राऊन ट्राउट जोमानं वाढला तिथं या देशी माशाची जागा आक्रसली. आपल्याकडे चिलापी आणि थाई मांगूर या बाहेरून आलेल्या माशांनी काय केलं, ते कुठल्याही तळ्यावरच्या जुन्या कोळ्याला विचारा. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची जात जगाला पहिल्यांदा कळली आणि २०२१ मध्ये शासनानं ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. हीच हिरण्यकेशी पुढे आपल्या आजऱ्यातून वाहते. आपल्या ओढ्यांत अजून नाव न मिळालेलं काय काय असेल, हा विचार मनात ठेवला तर बाहेरचा शिकारी मासा तिथं सोडायचं धाडस कुणी करणार नाही.

आता तीर्थन. तिथला ब्राऊन ट्राउट शंभरेक वर्षांपूर्वी आणलेल्या माशांचा वंशज असला तरी आज तो स्वतःच्या बळावर नदीत वाढतो. थंडीत मादी वाळू-खड्यांच्या तळात शेपटीनं खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडे ओढून घेते. अंडी फुटायला साधारण ४०० ते ४५० अंश-दिवस (पाण्याच्या रोजच्या तापमानाची बेरीज) लागतात, म्हणजे पाणी पाच अंशांचं असेल तर जवळजवळ तीन महिने. ‘जंगली’ म्हणतात ते या माशाला. मत्स्य विभागाच्या केंद्रातून सोडलेला किंवा शेततळ्यातून निसटलेला मासाही नदीत भेटतो, बहुधा रेनबो ट्राउट. ओळखायला सोपं आहे. ब्राऊनच्या अंगावर काळ्या ठिपक्यांसोबत लाल ठिपके असतात, त्यांच्याभोवती फिकट कडं. रेनबोच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो आणि शेपटीवरही काळे ठिपके भरलेले असतात. सिमेंटच्या टाकीत वाढलेल्या माशाचे पर घासून झिजलेले दिसतात. नदीत जन्मलेल्याचे पर पूर्ण, धारदार कडांचे असतात.

हा जंगली मासा गांडुळाला किंवा कणकेच्या गोळीला येत नाही असं नाही. पण फ्लाय फिशिंगमध्ये आपण त्याच्या रोजच्या जेवणाची नक्कल करतो, आणि ते जेवण म्हणजे पाण्यातले किडे. म्हणून दोन गोष्टी यायला हव्यात: किडा ओळखणं आणि प्रवाह वाचणं. रॉड-रीळ त्यानंतर. या दोन्ही गोष्टी शिकायला हिमाचल लागत नाही. कासारी, कुंभी आणि पंचगंगेवरचे बंधारे पुरतात. तुमच्या हातात मेपर्यंतचा वेळ आहे, तो इथंच घालवा.

पाणी निवळलं की शाहूवाडीकडे कासारीच्या वरच्या अंगाला किंवा गगनबावड्याकडे कुंभीवर जा. अभयारण्य आणि राखीव जंगल टाळा, तिथं नदीत उतरायचं नाही. गुडघाभर वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड अलगद उचला आणि खालची बाजू बघा. चपटा, दगडाला चिकटून तिरका पळणारा, बहुधा तीन शेपट्यांचा आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलवणारा किडा दिसला तर ते मेफ्लायचं पिल्लू, ज्याला फ्लायवाले निंफ म्हणतात. दोनच शेपट्या आणि पायांशेजारी, छातीखाली कल्ल्यांचे झुबके असतील तर ती स्टोनफ्लाय. वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे चिकटवून केलेली छोटी नळी दिसली आणि तिच्यातून डोकं बाहेर आलं तर ती कॅडिस. जाती वेगळ्या, पण कुळं तीच जी तीर्थनच्या दगडाखाली आहेत. बघून झालं की दगड होता तसा, त्याच बाजूनं खाली ठेवा. त्या दगडावर पूर्ण वस्ती असते.

हे किडे आयुष्याचा बहुतेक काळ तळाशी काढतात. मोठे झाले की वर येतात, बहुतेक पृष्ठभागावर आणि स्टोनफ्लाय काठच्या दगडावर कातडं सोडतात, पंख वाळवतात आणि उडतात. मग मीलन, अंडी, आणि पाण्यावर पसरून मरण. मेफ्लायच्या पंखवाल्या अवस्थेला तर खाण्याजोगं तोंडही नसतं. काही तास, फार तर एक-दोन दिवस, एवढंच तिचं उडतं आयुष्य. ट्राउट या प्रत्येक टप्प्यावर टपलेला असतो. म्हणून तळाशी वाहणारी निंफ, वर येणारा अर्धवट किडा आणि पृष्ठभागावर तरंगणारी ड्राय फ्लाय असे फ्लायचे प्रकार पडतात. पृष्ठभागावर मासा घेताना दिसतो, म्हणून नवशिक्याला ड्राय फ्लायचंच वेड असतं. पण ट्राउटचं बहुतांश खाणं पाण्याखालीच होतं. पहिला मासा हवा असेल तर निंफ शिका.

प्रवाह वाचण्याची शाळा म्हणजे आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. हे मी फार मनापासून सांगतो, कारण इतकी स्वच्छ मांडलेली आकृती डोंगरी नदीत मिळत नाही. बरगे (गाळे बंद करायच्या फळ्या) घालायच्या आधी, किंवा आवर्तन सुटून गाळ्यांतून पाणी पडत असताना, काठावर सुरक्षित जागी उभे राहून बघा. दोन खांबांच्या मधून पाणी जोरात निघतं. प्रत्येक खांबाच्या पुढे पाणी आदळून एक मऊ उशी तयार होते. खांबाच्या मागे संथ, उलटा फिरणारा डोह असतो. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासून जातं तिथं एक रेघ दिसते, बऱ्याचदा फेसाची. ती रेघ नीट बघा. मासा संथ बाजूला थांबतो, कारण तिथं ताकद खर्च होत नाही, आणि जोराच्या बाजूनं वाहत येणारं खाणं टिपतो. आता तीर्थनमध्ये खांबाच्या जागी खोलीएवढे धोंडे आहेत असं समजा. धोंड्यापुढची उशी, मागचा संथ खळगा आणि दोन्ही बाजूंच्या रेघा, या चार जागी ट्राउट असतो. उथळ खळखळाट जिथं संपून पाणी खोल होतं, तो उतारही सोडू नका; आणि काठाखाली पाण्यानं कोरलेली सावली तर मोठ्या ब्राऊनची हक्काची जागा. डोळे तयार झाले का, हे बघायचं असेल तर फेसाचा एक बुडबुडा निवडा आणि तो कुठं वळेल, कुठं थांबेल ते आधी मनात ठरवून मग त्याच्यामागे नजर न्या. अंदाज बरोबर यायला लागले की पुढं जा. बंधाऱ्याच्या शेवाळलेल्या फरशीवर मात्र उतरू नका.

आता कास्टिंगकडे, म्हणजे लाईन टाकण्याकडे येतो. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, शिसं पुढं जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. इथं वजन लाईनलाच असतं. लाईनचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो. पाच नंबरच्या लाईनचे पहिले ३० फूट १४० ग्रेनचे, म्हणजे साधारण ९ ग्रॅमचे असतात, आणि हेच वजन रॉडला वाकवतं. म्हणून फेकण्याची सवय विसरायची. रॉड घड्याळातल्या दहाच्या काट्यापासून दुपारच्या दोनपर्यंत न्यायचा: सावकाश सुरुवात, वाढता वेग, आणि मग एकदम थांबणं. थांबण्यातच सगळी जादू आहे. रॉड थांबला की लाईन त्याच्या टोकावरून वळसा घेऊन मागं सरळ होते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघायची आणि मगच पुढं आणायचं. मान वळवून मागं बघा, त्यात काही कमीपणा नाही. घाई केली की पोतराजाच्या आसुडासारखा कडाडल्याचा आवाज येतो. तो ऐकला की समजायचं, टोकाची फ्लाय तुटून गेली.

मैदानावर, सकाळी माणसं फिरायला यायच्या आत, हुकाऐवजी लोकरीचा छोटा झुबका बांधून सराव करा. गवत चालतं, डांबर किंवा काँक्रीट नको, लाईनचं आवरण खरवडतं. तीस फुटांवर जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात झुबका उतरायला लागला की तुमचं काम झालं. साठ फुटांचा कास्ट तीर्थनवर कुणालाही लागत नाही. तिथं मागं देवदार, ओक आणि झुडपं असतात, त्यामुळे बऱ्याचदा मागं लाईन टाकायलाच जागा नसते. त्यासाठी रोल कास्ट शिका. लाईन पाण्यावरून हळू मागं ओढायची, रॉड खांद्यामागं नेऊन क्षणभर थांबायचं आणि पुढं दाबायचं, लाईन पाण्यावरच गुंडाळत पुढं जाते. हा गवतावर नीट जमत नाही, कारण लाईनला पाण्याची पकड लागते. पंचगंगेचा शांत काठ त्यासाठी उत्तम.

खरा मासा लावून बघायचा असेल तर वरच्या स्वच्छ ओढ्यांतला डॅनिओ, अंगावर निळे-पिवळे पट्टे असलेला बोटभर मासा, १८ किंवा २० नंबरची ड्राय फ्लाय झडप घालून घेतो. त्याच्याइतका चपळ मास्तर नाही. चिलापी छोट्या निंफला येते. मरळीसाठी फोमचा बेडूक वापरतात, पण पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसला की त्याच्याखाली राखणीला आई-बाप असतात. त्यांना गळ टाकू नका. ते गेले तर पिल्लांचा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. तलाव आणि जलाशय बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, तेव्हा आधी त्यांना विचारा. आमच्या भागातले कोळी हौशी माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत, पण विचारायला हवं. आणि शहराच्या खाली, इचलकरंजीकडे, पंचगंगेत सरावाला जाऊ नका. तिथं सांडपाण्यानं प्राणवायू संपून मासे तडफडून मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. वर ट्राउटसाठी जे प्राणवायूचं गणित सांगितलं तेच गणित तिथं आपल्या देशी माशांना मारतंय. याचा मला मनापासून राग येतो. नदीवर हौस करणाऱ्यानं निदान त्या बातम्या वाचून पान उलटू नये.

सामानात फार अडकू नका. चार तुकड्यांत सुटणारा, साडेआठ किंवा नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा रॉड, त्याच नंबरची तरंगणारी वेट-फॉरवर्ड (पुढच्या भागात वजन असलेली) लाईन, साधं रीळ. ट्राउटसाठी रीळ म्हणजे लाईन ठेवायची जागा, त्यावर पैसे उधळू नका. पैसे लाईनवर खर्च करा, कास्टिंग तिच्यावर ठरतं. लाईनपुढं लीडर, म्हणजे नऊ फुटी निमुळता होत जाणारा तंगूस, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक तुकडा. टिपेटचा आकडा उलटा चालतो, एक्स वाढला की तंगूस बारीक. पाच एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर, चार एक्स ०.१८. तीर्थनला निंफसाठी चार, ड्राय फ्लायसाठी पाच पुरे. रॉड नळीत घालून नेता येतो. विमानानं जाणार असाल तर हुक आणि कात्री केबिनच्या बॅगेत ठेवू नका.

फ्लायची दुकानं बघितली की माणूस हरखून जातो. तुम्हाला मोजक्याच लागतील. फेझंट टेल आणि हेअर्स इअर या दोन निंफ, १४ आणि १६ नंबरात, डोक्याला पितळेचा किंवा टंगस्टनचा मणी असलेल्या, कारण तीर्थनच्या वेगात हलकी निंफ तळाला पोचतच नाही. ड्रायमध्ये एल्क हेअर कॅडिस आणि अ‍ॅडम्स, १४ ते १६. गढूळ पाण्यासाठी काळी किंवा ऑलिव्ह वूली बगर, ८ किंवा १० नंबर. हुकाचा नंबर वाढला की हुक लहान होतो, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा. प्रत्येकी चार-पाच घ्या. झाडं आणि धोंडे आपला वाटा घेतातच. सगळ्या हुकांच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करा. बिनकाट्याच्या हुकानं मासा सुटतो ही भीती खोटी आहे, लाईन ताणलेली ठेवली तर सुटत नाही. मासा सोडायला मात्र क्षण लागतो, आणि तुमच्या किंवा मुलांच्या कानात हुक रुतला तर काढतानाही.

मे महिन्याबद्दल खरं सांगतो: मार्च-एप्रिल जास्त चांगला. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळतो, दुपार होईल तसं पाणी चढतं, गार होतं आणि दुधाळ दिसतं. सुट्ट्या मेमध्येच असतील तर दिवसाचं वेळापत्रक बदला. पहाटे उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत नदीवर राहा. रात्रभर वर गोठलेलं असतं, त्यामुळे सकाळचं पाणी सगळ्यांत स्वच्छ आणि उतरलेलं असतं. दुपार घरच्यांना द्या. संध्याकाळी मुख्य नदी गढूळ असेल तर तिला मिळणाऱ्या छोट्या ओढ्यांच्या तोंडाशी बघा. तिथं स्वच्छ आणि गढूळ पाण्याची रेघ स्पष्ट दिसते आणि मासे स्वच्छ बाजूला येऊन थांबतात. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर अखेर आणि ऑक्टोबर, हाही सुंदर काळ असतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो अंड्यांचा काळ.

नदीवर पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं रॉड जोडू नका. दगड उचला, कोणते किडे आहेत बघा, काठावरच्या कोळिष्टकांत काय अडकलंय बघा. मग खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं चाला. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीमागून येता. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. फूटभर खोल असलेल्या माशाची खिडकी सव्वादोन फुटांची, त्याच्या डोक्यावर. तुम्ही वाकून, गुडघ्यावर बसून गेलात तर त्या खिडकीच्या अगदी कडेला, अस्पष्ट दिसता. ताठ उभे राहिलात तर आत येता. लाल-पिवळे शर्ट नकोत. सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि दगडावर दगड आपटू देऊ नका, आवाज पाण्यातून लांब जातो.

तीर्थनसारख्या धोंड्यांच्या नदीत निंफ टाकायची पद्धत साधी आहे आणि कोल्हापूरच्या गळकऱ्याला ती लवकर जमते. दहा-पंधरा फुटांपेक्षा जास्त लाईन बाहेर काढूच नका. धोंड्याच्या मागच्या रेघेच्या थोडं वर निंफ टाका, रॉड उंच धरा, म्हणजे मधली लाईन पाण्याला टेकणार नाही, आणि निंफ वाहत खाली येईल तसा रॉडही तिच्यासोबत खाली न्या. लाईन पाण्यावर पडली की मधला जोराचा प्रवाह तिला ओढतो आणि निंफ किड्यासारखी न वाहता फरफटत जाते. ट्राउट हा फरक ओळखतो. फ्लायचा रंग चुकला तर तो माफ करतो, चाल चुकली तर करत नाही. लांबून टाकायचंच असेल तर लाईन पाण्यावर पडताच तिचा मधला भाग रॉडच्या टोकानं उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचा. याला मेंडिंग म्हणतात आणि याचाही सराव बंधाऱ्याखालच्या वाहत्या पाण्यात होतो. सुरुवातीला ड्राय फ्लायच्या हुकाला दोन फूट टिपेट बांधून खाली निंफ लावा. वरची कॅडिस बुडाली, थांबली किंवा बाजूला सरकली की मासा.

आणि इथं आपली सवय आड येते. मरळीला किंवा शिंगट्याला आपण जोराचा हिसका देतो. ट्राउटचं तोंड मऊ आणि टिपेट बारीक, हिसका दिला की एक तर तंगूस तुटतो नाहीतर तोंड फाटतं. रॉडचं टोक चटकन पण अलगद वर उचलायचं, एवढंच. फ्लाय तोंडात गेल्यावर ती खोटी आहे हे कळायला त्याला सेकंदभर लागतो, तेवढाच वेळ आपला. मासा लागला की रॉड वाकलेला ठेवा, डाव्या हातानं लाईन ओढा, तो पळाला तर बोटांतून सुटू द्या. खालच्या खळखळाटात शिरू लागला तर रॉड आडवा करून बाजूनं ताण द्या. वरून ओढण्यापेक्षा तो लवकर वळतो. लढत लांबवू नका. दमून गेलेला मासा सोडला तरी वाचेलच असं नसतं.

हात आधी नदीत भिजवा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि जखमेवाटे बुरशी शिरते. मासा पाण्यातच ठेवा, हुक उलटा ढकलून काढा, फोटो हवाच असेल तर क्षणभर पाण्याच्या जरा वर धरा, काठावर किंवा दगडावर ठेवू नका. तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत आधार द्या. कल्ले नीट हलायला लागले की तो स्वतःच हातातून निघून जातो. काही ठिकाणी ठरावीक मासे ठेवायची परवानगी असते, पण जंगली ब्राऊन सोडावा असं माझं ठाम मत आहे. खायला ट्राउट हवा असेल तर खोऱ्यात शेतीचा ताजा रेनबो मिळतो.

परवाना मत्स्य विभागाकडून दिवसाच्या हिशेबानं मिळतो. खोऱ्यात उतरल्यावर बंजार भागात चौकशी करा, राहायच्या घरचे लोक मदत करतात. त्याच वेळी त्या वर्षीचे आकार आणि संख्येचे नियम लेखी बघून घ्या, हे नियम बदलतात. वरचा भाग ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये येतो, तिथले नियम वेगळे आहेत. पहिल्या दिवशी स्थानिक गाईड घ्याच. त्याला फ्लाय बांधता येत असेल-नसेल, पण कुठल्या धोंड्याआड पाणी खोल आहे ते तो डोळे मिटून सांगतो.

सुरक्षिततेबद्दल जरा थांबून वाचा, कारण घरचे सोबत आहेत. ८ जून २०१४ ला लारजी धरणाखाली, थलौटजवळ, बियासच्या पात्रात फोटो काढणारे हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तीर्थन लारजीलाच बियासच्या पाण्याला मिळते. म्हणून लारजीच्या आसपास आणि धरणाखालच्या पात्रात मुलांना पायही बुडवू देऊ नका, पाणी कितीही शांत दिसो. वर तीर्थनमध्येही वरच्या अंगाला पाऊस पडला, पाण्याचा रंग अचानक बदलला, काडी-कचरा वाहून यायला लागला की रॉड आवरून काठ चढा. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नका. दहा अंशांच्या पाण्यात पाय काही मिनिटांत बधिर होतात आणि गोल, शेवाळलेल्या धोंड्यांवर मग काही खरं नसतं. हातात काठी ठेवा, एका वेळी एकच पाय हलवा, आणि चष्मा किंवा गॉगल लावल्याशिवाय कास्ट करू नका. मुलं तुमच्या मागे नकोत, समोर दिसतील अशी बाजूला बसवा.

मार्च ते मे या दिवसांत तळात कुठं उजळ, धुतल्यासारखा स्वच्छ खड्यांचा पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नका. थंडीत मादीनं केलेला तो खळगा असू शकतो, आणि खाली पिल्लं अजून असतील.

परत आल्यावर बूट, जाळी आणि लाईन साबणाच्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओल्या तळव्यांतून शेवाळ आणि माशांचे रोग एका नदीतून दुसरीत जातात. कासारीत किंवा भोगावतीत तेच बूट घालायचे असतील तर ते आठवडाभर कोरडे राहिलेले असू द्या.